एनक्लेक्सचा माझा अनुभव: आधी काय कराल?

लेबर वॉर्डात सहा वर्षं काढून मी अमेरिकेत नर्स म्हणून नोंदणीसाठी लागणाऱ्या एनक्लेक्स-आरएन या परीक्षेच्या अभ्यासाला बसले. बाकी काही असो, बाळंतपणाचा भाग आपला पक्का आहे असं वाटत होतं. पहिल्याच आठवड्यात नेमका त्यातच मार खाल्ला.

सरावाचा प्रश्न होता: डिलिव्हरीला दोन तास झालेत, पंधरा मिनिटांत पॅड पूर्ण भिजलंय, गर्भाशय हाताला मऊ लागतंय. नर्सने सर्वांत आधी काय करावं? मी 'डॉक्टरांना कळवावे' निवडलं. बरोबर उत्तर होतं गर्भाशयाला मसाज.

मला रडूच आलं, कारण वॉर्डात मी तेच करते. एक हात ओटीपोटाशी आधाराला, दुसऱ्याने वरून चोळत राहायचं, गोळा घट्ट लागेपर्यंत. आणि चोळता चोळताच मावशींना हाक मारायची, "मॅडमना बोलवा!" हात कधी चुकले नव्हते. चुकली ती कॉलेजात पेपर लिहून लागलेली सवय.

मग अभ्यासाची पद्धतच बदलली. प्रत्येक प्रश्नाला आधी विचारायचं: मी या खाटेपाशी उभी आहे, फोन उचलण्याआधी माझ्या हातात काय आहे? रक्त चढवताना थंडी वाजून कंबर दुखायला लागली, तर आधी रक्त बंद, मग नव्या सेटने सलाईन, मग फोन. नर्सला करता येण्यासारखं सगळं प्रश्नातच झालेलं असेल, तेव्हा मात्र डॉक्टरांना कळवणं हेच उत्तर.

चार पेशंटमधून आधी कोणाकडे जायचं, हे जास्त जड गेलं. सीओपीडीचा (फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचा) पेशंट, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, 90 टक्के. न्यूमोनियाच्या आजी, ज्या आत्ताच अस्वस्थ होऊन असंबद्ध बोलायला लागल्यात. मी आकड्याकडे धावायचे. पण सीओपीडीत 88 ते 92 अपेक्षितच असतं. आजींचं बरळणं नवीन आहे, मेंदूला ऑक्सिजन कमी पडत असेल. आधी आजी.

कामं वाटून देण्याचे प्रश्नही नवेच. आपल्याकडे अर्धी सेवा नातेवाईक करतात. तिथे सहाय्यकाला स्थिर पेशंटचा बीपी घ्यायला सांगता येतं, पण तपासून निर्णय घेणं आणि पेशंटला शिकवणं नर्सचंच.

मॅगसल्फचा, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून फिट येऊ नये म्हणून देतात त्या मॅग्नेशियम सल्फेटचा, धडा मात्र वाचावाच लागला नाही. पुढच्या डोसआधी गुडघ्याचा झटका येतो ना, श्वास मिनिटाला 16 च्या खाली नाही ना, लघवी तासाला 30 मिली होते ना, आणि त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, हाताशी. हे अंगात भिनलेलं होतं.

परीक्षा मुंबईत दिली. पाच तासांची वेळ, कमीत कमी 85 प्रश्न, जास्तीत जास्त 150, आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. आतले प्रश्न सांगायचे नसतात, तशी सही दिलेली आहे. पास की नापास हे पक्कं झालं की कॉम्प्युटरच पेपर थांबवतो; माझा 85 वर थांबला तेव्हा पोटात गोळा आला होता.

पास झाल्याचं कळलं तेव्हा मी नाइटला होते. फोन खिशात टाकला आणि तीन नंबरच्या बाईचे गुडघे तपासायला गेले. तिच्या डोसची वेळ झाली होती.