दुर्बिणीचा गोल जमला, आता सीनच बदलतोय

जमलं एकदाचं! दुर्बिणीतून दिसतो तसा खरा गोल, कडा स्वच्छ, मधे पक्षी, आणि तोही थेट कॅमेऱ्यात, एडिटमध्ये मास्क न लावता. बिग इयर म्हणजे एका वर्षात पक्ष्यांच्या जास्तीत जास्त जाती कोण नोंदवतो ती चढाओढ. तिच्यावरच्या आपल्या कॉमेडी फिल्मचं घोडं ज्या पीओव्हीवर (पात्राच्या नजरेतून दिसणाऱ्या दृश्यावर) अडलं होतं तोच हा शॉट.

मागच्या अपडेटवर बऱ्याच जणांनी लिहिलं की दोन गोल चिकटवलेला तो नेहमीचा मास्क टाक आणि मोकळा हो. नाही टाकणार. दुर्बीण डोळ्यांच्या अंतराला नीट लावली की एकच गोल दिसतो, आणि ही फिल्म पहिल्यांदा बर्डर्सच, म्हणजे पक्षीनिरीक्षकच, बघणार आहेत.

अडत होतं ते असं. ८x४२ दुर्बिणीचा (८ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं) एक्झिट प्युपिल, म्हणजे डोळ्याकडे बाहेर पडणारा प्रकाशाचा ठिपका, ४२ भागिले ८, जेमतेम सव्वापाच मिमी. मोबाईलची लेन्स त्या ठिपक्यावर बरोब्बर मधोमध हवी आणि आयपीसपासून (डोळ्याकडच्या भिंगापासून) आय रिलीफइतकी, म्हणजे पूर्ण गोल दिसायला डोळा जितका लांब लागतो तितकी, लांब हवी, जरा बाजूला गेली की एका कडेने काळी चंद्रकोर आत येते, अंतर चुकलं की गोल आक्रसतो. ऑनलाइन मिळणारे 'सगळ्या फोनला बसणारे' अडॅप्टर या कामाला निव्वळ बेकार, फोनच्या वजनाने क्लॅम्प हळूहळू सरकतो आणि ऐन टेकमध्ये चंद्रकोर हजर. शेवटी पीव्हीसी पाइपचा तुकडा आयकपवर (आयपीसभोवतीच्या फिरत्या रबरी कड्यावर) घट्ट बसेल असा घासला, आतून काळा कागद लावला, फोनच्या जुन्या कव्हरला चिकटवला आणि आयकप एकेक क्लिक फिरवत अंतर शोधलं.

तरी फोकस नाचतच होता, कारण इकडे आपण चाक फिरवतोय आणि तिकडे फोनचा ऑटोफोकस स्वतःचं वेगळंच करतोय. मग मॅन्युअल अ‍ॅप घेतलं, फोनचा फोकस इन्फिनिटीला लॉक, एक्स्पोजर लॉक, मेन लेन्स लॉक (नाहीतर फोन आपणहून दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो), फोकस फक्त दुर्बिणीच्या चाकाने. धूसर हिरव्यातून आधी पान, मग फांदी, मग पक्षी असा वर आला ना, अक्षरशः ओरडलो!

आणि तो शॉट परत परत बघताना सुचलं की भांडणाच्या सीनमध्ये पक्षी दाखवायचाच कशाला? बिग इयरमध्ये नुसता आवाज ओळखलेला पक्षीही धरतात. मग दोघा स्पर्धकांचे दोन गोल, दोन्हीत फक्त हलणारी पानं, आणि आतून कॉल. दिसायला जवळपास सारखे दोन छोटे पक्षी, ग्रीनिश वॉर्बलरचा कॉल दोन तुकड्यांचा, ग्रीन वॉर्बलरचा तीन. एक म्हणतो दोन, दुसरा म्हणतो तीन, पुरावा कोणाकडेच नाही, सगळा मामला विश्वासाचा. या खेळातली खरी गंमत इथेच आहे, पडण्या-धडपडण्याचे सीन त्यापुढे फिके वाटायला लागलेत, दोनेक तर कापतोच.

शेवट मात्र तसाच. अमेरिकन बर्डर नोआ स्ट्रायकरचा बिग इयरमधला २०१५ चा ६०४२ जातींचा जागतिक विक्रम २०१६ मध्येच मोडला गेला, आपल्या विजेत्यालाही केक कापायच्या आतच तसला मेसेज येतो.

कॉल शूटिंगच्या वेळी वाजवणार नाही, खऱ्या पक्ष्यांना उगाच त्रास, डबिंगलाच घालू. झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या वेबसाइटवरचे ऐकतोय पण लायसन्समध्ये एनडी (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे त्यातून नवी कलाकृती करायला मनाई) असेल तर ते फिल्मला लावता येत नाहीत. कोणी स्वतः रेकॉर्ड केलेले या दोघांचे स्वच्छ कॉल असतील तर कळवा, क्रेडिटमध्ये नाव नक्की.