धुळे: दोरी लावून आखलेलं बाजारगाव

धुळ्याच्या जुन्या पेठेत पत्ता विचारला की बऱ्याचदा नावाऐवजी नंबर सांगतात. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. जुन्या गावांना अशी शिस्त नसते. ही आली 1819 मध्ये.

त्याआधीचं धुळे (अहिराणीत धुये) लहानच होतं. 1803 च्या सुमाराला होळकरी धामधूम आणि दुष्काळात गाव ओस पडलं. पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांच्या पदरच्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवलं, आणि सोनगीर-लळिंगचा कारभारही इथूनच चालू लागला. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्जने मुख्य ठाणं म्हणून हेच गाव निवडलं, कारण ते मुलखाच्या मध्यावर होतं आणि पुण्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटेवर होतं. त्या वेळी घरं 401, माणसं 2,509. ब्रिग्जने कचेऱ्या बांधल्या, बाहेरून कारागीर आणले, व्यापाऱ्यांना जागा देऊन बोलावलं. जुनं गाव आणि कचेऱ्या यांच्यामधली मोकळी जागा नव्या पेठेने भरली.

गंमत अशी की इंग्लंडातल्या बाजारगावाच्या मधोमध चौक असतो, आठवड्याचा बाजार तिथेच भरतो. इंग्रजाने आखलेलं धुळे मात्र रस्त्याच्या कडेने वाढलं. आग्रा रोड हाच त्याचा कणा. म्हणून पेठ बघायची तर आग्रा रोडवरून पाच कंदीलपर्यंत पायी जा, मग आडव्या गल्ल्यांत शिरा. त्यानंतर जुन्या धुळ्यात गेलात की फरक लगेच दिसतो: सरळ रेघ संपते, बोळ वळायला लागतात. एप्रिल-मेमध्ये हे सकाळी नवाच्या आत उरका. नंतरचं ऊन खानदेशी माणसालाही सोसत नाही.

व्यापारात मात्र धुळ्याचं एक गणित चुकलं. रेल्वेची मुख्य लाईन चाळीसगाव-जळगाव-भुसावळ अशी गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1862 ते 65 मध्ये, कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा मोठी बाजारपेठ झालं जळगाव. धुळ्याला चाळीसगावहून फाटा मिळाला तो 1900 मध्ये, आणि तोही इथेच संपणारा. आज गावाला तारतात ते महामार्ग: मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर इथेच एकमेकांना छेदतात.

बघण्यासारखं काय, तर इमारतींपेक्षा कागद. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच वारले. त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी लगेच 1927 मध्ये संशोधन मंडळ उभं राहिलं. मोडी वाचता येत नसेल तर तिथल्या दप्तरांचा फारसा उपयोग नाही, सोबत वाचणारा न्या. जिल्हा कारागृह चालू तुरुंग आहे, आत सहज सोडत नाहीत. पण 1932 च्या 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर 18 प्रवचनं दिली ती याच भिंतींआड, आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी.

दोरीला न जुमानणारी एकच गोष्ट इथे आहे, पांझरा नदी. 1872 च्या पुराने घरादारांचं मोठं नुकसान केलं. एरवी पात्र इतकं बारीक असतं की पुलावरून बघणाऱ्याला हे खरं वाटत नाही. पूल ओलांडला की देवपूर, आणि नदीकाठी एकवीरा देवी. चैत्री पौर्णिमेला यात्रेची गर्दी असते. देऊळ निवांत बघायचं असेल तर तो दिवस टाळा.