लेकराला कुठं टाकू?

दहावीनंतर लेकराला कुठं टाकू, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर फुकटचा सल्ला द्यायची खोड मी कधीच मोडलीय. गंगाखेडला बसस्टँडपासून जवळच माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पॅनकार्ड हे बारा महिने चालूच असतं. दहावीचा निकाल लागला की मात्र महिनाभर एकाच तऱ्हेचं गिऱ्हाईक येतं. पुढं बाप, मागं पोरगं, कॅरीबॅगमध्ये मेमोची, म्हणजे गुणपत्रिकेची प्रिंट आणि ठरलेला प्रश्न: "दादा, लेकराला कुठं टाकावं?"

टाकावं. आमच्याकडं हाच शब्द आहे. लातूरला टाकलं, आयटीआयला टाकलं, नांदेडला क्लासला टाकलं. पोरगं तेवढ्यात मागच्या बाकड्यावर बसून मोबाइल बघत असतं. फॉर्मवर नाव त्याचं, ओटीपी मात्र बापाच्या मोबाइलवर येतो. म्हणून मी एक नियम केलाय. कॉम्प्युटरशेजारच्या खुर्चीत पोरानं बसायचं, बापानं बाकड्यावर. काहीजणांना राग येतो. येऊ दे.

उत्तर देण्याआधी मी मार्क विचारत नाही. मार्क मेमोवर दिसतातच, आणि त्यावरून कळतं ते फार थोडं. शंभरातले वीस शाळेच्या हातात, वरून बेस्ट ऑफ फाइव्ह (सहातले चांगले पाच विषयच धरायचे), वरून चित्रकलेचे नाहीतर खेळाचे. 2025 ला राज्यात 211 पोरांना शंभर टक्के पडले, त्यातली 113 एकट्या लातूर विभागातली. कौतुकच आहे. पण बाप जेव्हा 91 टक्क्यांचा मेमो टेबलावर आपटून "आता डॉक्टरच" म्हणतो, तेव्हा मला माझा बाप आठवतो.

माझी दहावी 1999 ची. 79 टक्के होते, आणि त्या साली आमच्या गावात तेवढे कुणालाच नव्हते. वडिलांनी गोऱ्हा विकला आणि मला लातूरला टाकलं. तेव्हा लातूर पॅटर्नचा दबदबा काय होता ते आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. शाहू आणि दयानंद या दोन कॉलेजांची नावं आमच्या आयाबायांनाही पाठ. सराव, चाचणी, परत सराव. ज्याला झेपलं त्याचं सोनं झालं, माझ्याच खोलीवरचा एकजण आज चांगला सर्जन आहे. मला झेपलं नाही. ज्या खासगी क्लासला होतो तिथं चाचणीत मागं पडलेल्यांची निराळी बॅच केली. फी तेवढीच, शिकवायला मात्र आदल्याच साली बारावी झालेला एक पोरगा. तो बिचारा आमच्यापेक्षा जास्त घाबरलेला असायचा.

बारावी झाली, सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेला, मार्क आले नाहीत. रिपीट मारली. परत आले नाहीत. मग गावाकडं येऊन बी.एस्सी., आणि 2004 ला एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स. आज माझी चूल पेटते ती त्या तीन महिन्यांच्या एमएस-सीआयटीवर.

मेडिकल हुकलं याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मला रक्त बघितलं की अजूनही गरगरतं, डॉक्टर होऊन काय दिवे लावणार होतो. खटकतं ते निराळंच. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात एका सरांनी वर्गात विचारलं, "मेडिकलवाले कोण? गणित सोडा, बोजा कमी होईल." आम्ही पन्नास-साठ जणांनी हात वर केले. इंजिनिअरिंगचं दार मी त्या दिवशी माझ्या हातानं लावून घेतलं, आणि ते लागलंय हे मला कळलं दोन वर्षांनी, रिपीटचा विचार चालू असताना. वडिलांना तर शेवटपर्यंत कळलं नाही. ते म्हणायचे, "सायन्स हाय ना, मग इंजिनेर व्हय की."

म्हणून आता कुणी कुठं टाकू विचारलं की मी उलटा विचारतो: इथं टाकलं तर कुठलं दार बंद होतं, आणि नाही जमलं तर पोरगं कुठून बाहेर निघणार?

सायन्सच घ्या. "सायन्सवाला पुढं कुठंबी जाऊ शकतो" हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकतो. कागदावर खरं आहे. सायन्स करून आर्ट्सला, कॉमर्सला जाता येतं, उलटं येता येत नाही. पण ही सगळी दारं बारावी धड निघालेल्या पोरासाठी. फिजिक्समध्ये लटकलेल्या पोराला ना हे दार ना ते. त्यात 2024 ला नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, 23 लाखांवर पोरं बसली होती. एमबीबीएसच्या जागा तेव्हा देशभरात लाखाच्या थोड्या वर. चूक उत्तराला एक मार्क जातो, त्यामुळं अंदाजपंचे दाहोदरसे तिथं चालत नाही. एवढं सांगूनही बाप म्हणतो, "आमचं लेकरू हुशार हाय." असेल. मग माझं एवढंच म्हणणं की गणित सोडू नका. बायोलॉजी आणि गणित दोन्ही ठेवता येतं, ओझं होतं हे कबूल. आणि सोडायचंच असेल तर सोडून काय उरतं ते पोराला आत्ताच माहीत पाहिजे. बी.एस्सी. ॲग्री, बी.फार्मसी हे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीवर सीईटीनं होतं. नर्सिंग होतं. पशुवैद्यकीय होतं, पण ते परत नीटच्याच मार्कांवर.

इथं जरा थांबतो, कारण ही माझी दुखरी नस आहे. आमच्यापासून परभणी सुमारे 40 किलोमीटर. तिथं 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, अन्नतंत्र महाविद्यालय आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दुसरं पशुवैद्यकीय उदगीरला. सोयाबीन, कापूस आणि म्हशीवर जगणाऱ्या आमच्या भागातल्या बापाला राजस्थानातल्या कोटा शहरातल्या क्लासची फी तोंडपाठ असते, आणि परभणीच्या विद्यापीठाच्या गेटातून तो कृषी मेळाव्याला बियाण्याची पिशवी घ्यायला जाऊन आलेला असतो. पण तिथं आपलं पोरगं शिकू शकतं हे त्याच्या ध्यानातच येत नाही. एकाला मी म्हटलं, ॲग्रीचं बघा. तो म्हणाला, "शेतीच करायची तर कॉलेज कशाला? मी हाय की शिकवायला." त्याला उत्तर द्यायला मला अजून सुचलेलं नाही.

दहावीवर पॉलिटेक्निकची गोष्ट निराळी. तीन वर्षांचा डिप्लोमा, मार्क बरे असले तर पुढं थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. नाही गेलं तरी हातात डिप्लोमा राहतो. आयटीआयचंही तसंच. इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षांचे, मग शिकाऊ उमेदवारी. महावितरणच्या भरतीत इलेक्ट्रिशियन-वायरमन विचारतात, वाळूजच्या कंपन्यांत फिटर घेतात. आणि आयटीआयवाल्याला परत डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचं दार असतं, हे तर मास्तर लोकांनाही माहीत नसतं. पण आयटीआयचं नाव काढलं की बापाचा चेहरा उतरतो. नापासांचं ठिकाण, असं डोक्यात बसलंय. माझ्या दुकानाचं वायरिंग केलेला पोरगा आयटीआयवाला आहे. त्याला बोलवायचं तर आठ दिवस आधी सांगावं लागतं.

आर्ट्सबद्दल फार बोलत नाही, कारण आमच्याकडं आर्ट्स कुणी निवडत नाही, आर्ट्स उरतं. पोरीला बाहेरगावी पाठवायचं नसलं की गावाजवळच्या कॉलेजात आर्ट्स. पोरगं पोलीस भरतीच्या मागं असलं की आर्ट्स, कारण भरतीला बारावी पुरते आणि सकाळी पळायला वेळ मिळतो. त्यातलीच एखादी पोरगी पुढं स्पर्धा परीक्षेत सगळ्यांच्या पुढं निघते, तेव्हा तिचं फ्लेक्स लावायला हेच सगळे येतात.

आणि लाट. लाटेचं मला भ्या वाटतं. पंधरा-वीस वर्षांमागं आमच्याकडं डी.एड.ची लाट होती. दोन वर्षांत मास्तर, मग लग्नाच्या बाजारात भाव. घरटी एक डी.एड. माझ्या बहिणीनं 2011 ला डी.एड. केलं आणि पुढं काही वर्षं भरतीच झाली नाही. नंतर टीईटी ही पात्रता परीक्षा आली, मग भरतीचं पवित्र पोर्टल आलं. तिचं सर्टिफिकेट आजही लॅमिनेशन करून कपाटात आहे. लॅमिनेशन मीच करून दिलं होतं. त्यामुळं समोरचा माणूस "सध्या कशाला स्कोप हाय?" विचारतो तेव्हा मी गप्प बसतो. सध्याचा स्कोप हे पोरगं बाहेर पडेपर्यंत टिकेल असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

पैशाचं कुणी उघड बोलत नाही, पण अर्ध्या निवडी तिथंच होतात. ॲडमिशन आणि पेरणी आमच्याकडं एकाच महिन्यात येतात. बियाणं घ्यायचं, खत घ्यायचं, त्यातच खोलीचं डिपॉझिट आणि मेसचा ॲडव्हान्स. सोयाबीनचा पैसा दिसतो दसरा-दिवाळीला. मग जूनमध्ये सावकार नाहीतर सोनं. मी बापाला कागदावर एक रेघ मारून दाखवतो. रेघेच्या वर दिवाळीपर्यंतचा खर्च, खाली पोरगं रिपीट मारणार असेल तर आणखी एका वर्षाचा. खालचा आकडा लिहिताना बहुतेकांचा हात थांबतो. तो खर्च धरूनच ठरवा म्हणतो, कारण लातूरला गेलेल्या पोरांत रिपीट ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. पोरगी असेल तर हेही सांगतो की 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. मेस-खोली त्यात येत नाही.

दाखल्यांचंही त्याच बैठकीत सांगून टाकतो. आरक्षणातून प्रोफेशनल कोर्सला जायचं तर जात वैधता लागते, आणि आमच्या भागात तिचं दुखणं निराळं आहे. 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. पणजोबांचा शाळेचा नाहीतर महसुलाचा कागद सापडला तर तो उर्दूत निघतो नाहीतर मोडी लिपीत. तो वाचणारा शोधा, भाषांतर करून घ्या, वंशावळ जोडा. बारावीच्या निकालानंतर हे सुरू केलं तर ॲडमिशन डोळ्यांदेखत जाते. अकरावीतच प्रस्ताव टाका.

गेल्या साली मात्र एका पोरीनं मला चकित केलं. 78 टक्के, बाप ऑटो चालवतो. बापाचं ठरलेलं: चुलत्याची पोरगी लातूरला आहे, हीपण तिथंच. अकरावीचे फॉर्म आता सगळ्या राज्यात ऑनलाइन, दहा कॉलेजांची पसंती भरायची. बाप बाकड्यावरून म्हणाला, "एक नंबरला लातूर टाका. लागतं का तरी बघू." मी माउस क्लिक करणार, तेवढ्यात ती म्हणाली, "सर, हे सबमिट केल्यावर बदलता येतं का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, फॉर्म लॉक होईपर्यंत येतं. पण एक नंबरचं कॉलेज लागलं की घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. 'लागतं का बघू' म्हणून एक नंबर टाकायचा नसतो. तिनं बापाकडं वळून बघितलं. मग हळू आवाजात, "मला पॉलिटेक्निकला सिव्हिल करायचंय."

बाप म्हणाला, "उन्हात उभं राहायचं काम हाय ते, पोरीचं हाय का?" ती म्हणाली, "आई रोजच जाते की उन्हात." आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते हे मला नंतर कळलं.

भांडण माझ्या दुकानात नको म्हणून मी सांगितलं की अकरावी आणि पॉलिटेक्निक या दोन निराळ्या प्रक्रिया आहेत, दोन्ही भरून ठेवा, यादी लागल्यावर घरी बसून ठरवा. बाप विचारत होता, "दोन फारमाचे दोनदा पैसे?" म्हटलं, माझे एकदाच द्या, सरकारचे दोनदा लागतील. त्यानं खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या, दोनदा मोजल्या. अकरावीच्या फॉर्मवर एक नंबरला लातूर टाकलं नाही, गंगाखेडचंच कॉलेज टाकलं. तेवढं त्यानं ऐकलं.

परवा ती महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला आली होती. एकटीच. सिव्हिल डिप्लोमाचं दुसरं वर्ष. कसं चाललंय विचारलं तर म्हणाली, सर्व्हेचं प्रॅक्टिकल आवडतं, गणिताचा एक पेपर राहिलाय, हिवाळीला काढते. आधार नंबर टाकला. ओटीपी तिच्याच मोबाइलवर आला.