एक पिशवी, दोन रूपं
आज दुपारभर मशीनवर बसले होते आणि दोन्ही बाजूंनी वापरता येणारी टोट बॅग शिवून झाली, इतकं भारी वाटतंय ना! एका बाजूला गडद निळं जाड कॉटन, उलटी केली की बारीक पिवळी फुलं. दोन्ही कापडं आधी धुऊन घेतली होती, कारण कॉटन आटतं आणि एकच आटलं तर दुसरं आतून चुरगळत राहतं.

खरं तर या दोन पिशव्याच असतात. सारख्या मापाच्या शिवायच्या, तळाचे कोपरे त्रिकोणी धरून टीप मारायची म्हणजे बूड रुंद होतं, मग एक सुलटी करून दुसऱ्या उलट्या पिशवीत घालायची, मध्ये हातात धरायचे बंद खाली लोंबते ठेवायचे आणि 1 सेंमी माया (टिपेबाहेर सोडायचं कापड) धरून तोंडाला गोल टीप. फक्त दोन बंदांच्या टोकांमध्ये जागा उघडी सोडायची. बरेच जण ती तळाला सोडतात पण मला तोंडाशीच बरी वाटते, शेवटच्या टिपेत आपोआप बंद होते आणि हातशिलाई कुठेच दिसत नाही.

त्या फटीतून कापड ओढताना आधी एक बंद आला, मग निळा कोपरा, मग सगळं भराभर बाहेर!! मग इस्त्री आणि काठाला टीप.

उद्या निळी बाजू बाहेर ठेवून नेणार, परवा फुलांची 😊