हाय-एट कॅसेटमधला सिंहस्थ संगणकावर

वडिलांनी २००३ च्या सिंहस्थात रामकुंडावर चित्रित केलेल्या हाय-एट (कॅमकॉर्डरच्या छोट्या अ‍ॅनालॉग व्हिडिओ टेप) कॅसेट आज संगणकावर उतरवायला घेतल्या. अ‍ॅनालॉग चित्रणाची फाइलसारखी प्रत काढता येत नाही. तासाभराची कॅसेट तासभर चालवावीच लागते आणि त्या वेळात कॅप्चर कार्ड कॅमकॉर्डरकडून येणाऱ्या सिग्नलचे अंकीय रूपांतर करत राहते. उजळपणा आणि रंग एकाच तारेतून नेणाऱ्या पिवळ्या पिनेऐवजी एस-व्हिडिओ केबल वापरली, कारण तिच्यातून उजळपणा आणि रंग स्वतंत्र तारांनी येतात, त्यामुळे भगव्या ध्वजांच्या कडा कितीतरी स्वच्छ दिसल्या. ध्वनीची वायर मात्र वेगळी जोडावी लागते.

पाल या आपल्याकडच्या अ‍ॅनालॉग व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेमच्या सम व विषम रेषा वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. म्हणून संगणकाच्या पडद्यावर चालत्या माणसांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. ते काढून टाकण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ ७२० बाय ५७६ पिक्सेलची डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) फाइल, तासाला सुमारे १३ जीबी जागा घेत असली तरी, जशीच्या तशी जपावी आणि सुधारणा संपादनाच्या प्रतीवरच कराव्यात.

गर्दीच्या गजरातही कॅमेऱ्यामागून आलेली वडिलांची हाक इतकी स्पष्ट ऐकू आली, की ते दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहिले.

पंचवटीच्या कॅसेट अजून बाकी आहेत. नाशिकमध्ये कोणाकडे चालू स्थितीतला हाय-एट कॅमकॉर्डर असल्यास कृपया कळवावे.