उदबत्तीने सापडलेली गळती: एआर-३एची जोडी, पाचवा आठवडा

डावा स्पीकर काल रात्री वाजला. उजवा अजून पोट उघडून टेबलावर पडलाय.

ज्यांना मागचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मामा बोस्टनला शिकत असताना १९७२ साली त्यांनी अकूस्टिक रिसर्च (एआर) कंपनीच्या एआर-३ए स्पीकरची ही जोडी घेतली आणि येताना बोटीने आणली. एकेकाचं वजन चोवीस किलोच्या घरात. १९९८ पासून पुण्यात वाड्याच्या माळ्यावर, गोणपाटात गुंडाळून. पंचवीसेक पावसाळे गेले, पण अक्रोडाचा व्हेनियर खालच्या कडेला सुटलाय तेवढाच. वाळवी लागली नाही हे नशीब.

वूफर (खर्ज वाजवणारे मोठे स्पीकर) मात्र गेलेले. कोनभोवतीच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या कागदी शंकूभोवतीच्या, फोमला बोट लावलं की जुन्या गुळासारखा चिकट भुगा हाताला येत होता. त्या काळचा फोम दमट हवेत असाच विरघळतो. एआरचे एक संस्थापक एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये जी कल्पना बाजारात आणली, ती सगळी या कडेवरच उभी आहे. बारा इंची कोन मुद्दाम ढिला ठेवायचा आणि बंद खोक्यातल्या हवेने स्प्रिंगचं काम करायचं. म्हणून एवढ्याशा खोक्यातून इतका खोल खर्ज निघतो. हवा कुठूनही निसटली की सगळं मुसळ केरात.

जुना फोम खरवडायला तीन संध्याकाळी गेल्या. आइस्क्रीमची काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश. कागदी कोन असल्याने घाई करायची सोयच नाही. नवा फोम कोनला चिकटवून वाळू दिला. बाहेरची कडा चिकटवताना अगदी हळू आवाजात ३० हर्ट्झचा सूर लावून ठेवला. व्हॉईस कॉइल (कोनला हलवणारी तारेची गुंडाळी) घासली की खरखर ऐकू येते. ती थांबेपर्यंत कडा बोटाने केसभर सरकवत राहायचं. जमलं की कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर हात लावायचा नाही.

आवाजाचे पट्टे वेगळे करणारे कॅपॅसिटर मोजले. ट्वीटरचा (उंच सुरांचा स्पीकर) ६ मायक्रोफॅरडचा ८.३ दाखवतोय, मिडरेंजचा (मधल्या सुरांचा) ५० चा ६१, वूफरचा १५० चा १७४. तिन्ही बदलले. सहाच्या जागी फिल्म प्रकारचा, बाकी दोन नॉनपोलर इलेक्ट्रोलिटिक. सगळीकडे महागडे फिल्म घालायचा मोह मी टाळला. मूळचा तोल जपायचा, सुधारायचा नाही, हे माझं ठाम मत.

मागचे दोन पॉट (मिडरेंज आणि ट्वीटरचा आवाज कमी-जास्त करायच्या कळा) हिरवे पडले होते, मिडरेंज त्यामुळेच गायब. उघडले, व्हिनेगरमध्ये बुडवले, पितळी ब्रशने घासले, धुऊन वाळवले. आतलं फायबरग्लास काढताना हातमोजे आणि मास्क हवाच. काढलेलं सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून तेवढंच परत भरलं. त्याने खोका हवेला मोठा भासतो, त्यामुळे कमी-जास्त केलं की खर्जाचा पोत बदलतो.

सगळं बसवून कोन हलकेच आत दाबला आणि सोडला. सावकाश, सेकंद-दोन सेकंद घेत परत यायला हवा होता. फटकन आला. म्हणजे गळती. वूफरखालची पुट्टी नवी होती, तिच्यावर संशय नव्हता. मग उदबत्ती लावली. आई कोन हळूहळू दाबत-सोडत होती, मी धूर कडेकडेने फिरवत होतो. वूफरभोवती धूर सरळ वर. टर्मिनलजवळही सरळ. ट्वीटरच्या पॉटच्या दांड्यापाशी आलो आणि प्रत्येक दाबासरशी धुराची रेघ तुटून बाहेर उडायला लागली. साफसफाईत तिथली हवा अडवणारी जुनी वळी मोडली असणार. सायकलच्या ट्यूबची चकती कापून बसवली, वर थोडं ग्रीस. पुन्हा दाबला. कोन असा संथ परत आला की आम्ही दोघंही काही बोललो नाही.

चार ओहमचा भार पेलणारा अँप लावून आधी तानपुरा ऐकला, मग तबला. बायावरची मींड जमिनीतून येते आहे असं वाटलं. मामांना फोनवर ऐकवलं, पण तो खर्ज फोनला कुठला पेलायला! दिवाळीत येताहेत.

आता उजवा. फोम आलाय, कॅपॅसिटर आलेत. ट्वीटर मुका आहे: त्याच्या घुमटाकार पडद्यातून निघणारी केसासारखी तार टर्मिनलच्या अलीकडे तुटलीय, जेमतेम दोन मिलिमीटर शिल्लक. भिंग आणि बारीक टोकाची सोल्डरिंग गन मागवलीय. रविवारी सकाळच्या उजेडात डाग देऊन बघणार.