तुम्ही विचारलंत म्हणून: फिलिपिन्समध्ये बरं कोण होतं, अमेरिका की जपान?

माझी मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी फिलिपिन्समधल्या दावाओ शहरात होती. त्या काळात मी तीनदा तिच्याकडे जाऊन राहिले. इकडे साताऱ्यात शाळेत इतिहास शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे परत आले की ओळखीचे लोक हटकून एकच विचारतात. ‘त्या देशावर आधी अमेरिकेनं राज्य केलं, मग जपाननं. तरी तिथल्या लोकांना अमेरिकेचं एवढं कौतुक कसं? जपान तर आपल्या नेताजींच्या पाठीशी उभा होता. दोघांत बरं कोण होतं?’

आजवर एक कप चहा संपेपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढंच सांगत आले. आता नीट लिहिते, कारण या प्रश्नामागची एक समजूत मला खटकते. अमेरिकेचं राज्य म्हणजे शाळा, जपानचं राज्य म्हणजे तलवार, अशी ती समजूत आहे. त्यातलं जपानबद्दलचं बहुतांशी खरं आहे. अमेरिकेबद्दलचं फार अपुरं आहे.

फिलिपिनो क्रांतिकारकांनी स्पेनशी लढून देश बराचसा मोकळा केलाच होता. १२ जून १८९८ रोजी एमिलिओ आगिनाल्दो यांनी काविते प्रांतातल्या आपल्या घरी स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याच वर्षी डिसेंबरात, पॅरिसच्या तहात, स्पेननं दोन कोटी डॉलर घेऊन हा देश अमेरिकेच्या हवाली केला. ज्यांचा देश, त्यांच्या प्रतिनिधीला त्या वाटाघाटींत जागाच मिळाली नाही. फेब्रुवारी १८९९ मध्ये युद्ध पेटलं. समोरासमोर टिकाव लागेना तेव्हा फिलिपिनोंनी गनिमी कावा धरला, आणि मग अमेरिकी फौजेनं गावंच्या गावं वेठीला धरली. बातांगास प्रांतात लोकांना ठरावीक हद्दीत कोंडलं आणि हद्दीबाहेरची घरं, धान्य जाळलं. कैद्याच्या तोंडात पोट फुगेपर्यंत पाणी ओतायचं आणि मग पोट दाबायचं, या छळाला शिपाई ‘वॉटर क्युअर’ म्हणत, म्हणजे पाण्याचा उपचार. सामार बेटावरच्या बालांगिगा गावात १९०१ साली गावकऱ्यांनी हल्ला करून ४८ अमेरिकी सैनिक मारले. त्यानंतर जनरल जेकब स्मिथनं दहा वर्षांवरच्या, शस्त्र उचलू शकेल अशा प्रत्येकाला ठार करा असा हुकूम दिला. त्याच्यावर खटला चालला. शिक्षा काय, तर समज आणि सक्तीची निवृत्ती.

या युद्धात सुमारे २० हजार फिलिपिनो सैनिक पडले आणि लढाई, उपासमार, पटकी यांत दोन लाखांच्या आसपास सामान्य माणसं गेली असं साधारणपणे मानलं जातं. १९०६ मध्ये जोलो बेटावर, विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात आश्रय घेतलेल्या शेकडो मोरो मुसलमानांना बायकामुलांसकट मारलं, ते आणखी वेगळं. १९०७ पासून १९१९ पर्यंत स्वतःचा झेंडा फडकवणंही फिलिपिनोंसाठी गुन्हा होता.

मग हे सगळं लोकांच्या मनातून पुसलं कसं गेलं?

ऑगस्ट १९०१ मध्ये, म्हणजे बातांगास आणि सामार धुमसत असतानाच, ‘थॉमस’ नावाचं जहाज मनिलाला लागलं. त्यातून पाचशेच्या आसपास अमेरिकी शिक्षक उतरले. जहाजावरून त्यांना थॉमसाइट्स म्हणतात. त्यांना खेडोपाडी पाठवलं गेलं. आपल्याकडे इंग्रजांनी इंग्रजी शिकवली ती मूठभरांना, कचेऱ्या चालवण्यापुरती. इथे पहिलीपासून, सरकारी शाळेत, फुकट. मी स्वतः शिक्षिका, त्यामुळे त्या तरुण शिक्षकांबद्दल मला आदरच वाटतो. त्यांच्यातले काही पटकीनं आणि इतर आजारांनी तिथेच वारले. पण त्याच शाळांत मुलं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची नावं पाठ करत होती, आणि त्यांच्या आजोबांनी अमेरिकेशी लढलेल्या युद्धाला ‘बंड’ म्हणायला शिकत होती. शब्दानं काय होतं ते आपल्याला सांगायला नको. १८५७ ला शिपायांचं बंड म्हणायचं की स्वातंत्र्यसमर, यावरून आपण किती भांडलो!

तरीही अमेरिकेचं राज्य बदलत गेलं, हे मान्य करायलाच हवं. १९०७ मध्ये निवडून आलेली विधानसभा बसली. १९१६ च्या कायद्यात स्वातंत्र्याचं वचन आलं, १९३४ च्या कायद्यात दहा वर्षांची मुदत ठरली आणि १९३५ मध्ये मान्युएल केसॉन निवडून आलेले अध्यक्ष झाले. हे औदार्य नव्हतं. फिलिपिनोंनी ते भांडून मिळवलं, आणि तिथली करमुक्त साखर, तिथले मजूर नकोसे झालेले अमेरिकी शेतकरी आणि कामगार यांचाही त्याला हातभार लागला. पण तारीख ठरली होती. माझ्या दृष्टीनं सगळी तुलना या एका गोष्टीपाशी येऊन थांबते.

८ डिसेंबर १९४१ ला जपाननं हल्ला केला आणि २ जानेवारीला मनिलात सैन्य घुसलं. आशिया आशियावासीयांचा, ही त्यांची घोषणा होती. ब्रह्मदेशात, इंडोनेशियात, आपल्या फौजेतल्या युद्धकैद्यांत ती काही काळ चालली, कारण तिथल्या राज्यकर्त्यांनी स्वातंत्र्याची तारीख दिलेलीच नव्हती. फिलिपिनोंना ती मिळालेली होती. पाच वर्षांत येणारच होतं ते स्वातंत्र्य बंदुकीच्या टोकावर आणून दिल्याचं कौतुक त्यांना कसं वाटावं?

आणि आणून दिलं तरी काय? एप्रिल १९४२ मध्ये मनिलाजवळच्या बाताआन द्वीपकल्पात शरण आलेल्या पाऊण लाखाच्या आसपास सैनिकांना उन्हातून, अन्नपाण्याविना चालवत तारलाकच्या छावणीकडे नेलं. त्यांत बहुसंख्य फिलिपिनोच होते. चौकीवरच्या जपानी शिपायाला वाकून नमस्कार केला नाही तर भर रस्त्यात थोबाडीत. नोटा इतक्या छापल्या की लोक त्यांना ‘मिकी माउस मनी’ म्हणू लागले आणि बायॉन्गभर, म्हणजे विणलेल्या पिशवीभर नोटा घेऊन बाजाराला जाऊ लागले. त्या बायॉन्गची आणखी एक आठवण आहे. गावातल्या पुरुषांना एका जागी उभं करायचं, आणि तोंडावर बायॉन्ग घातलेला, डोळ्यांपुरती भोकं ठेवलेला खबऱ्या एकेकावर बोट ठेवायचा. ज्याच्यावर बोट, तो बहुधा परत येत नसे. बोट आपल्याच शेजाऱ्याचं असायचं.

नेताजींचा विषय निघतो म्हणून सांगते. नोव्हेंबर १९४३ मध्ये टोकियोला बृहत्तर पूर्व आशिया परिषद झाली, तिथे नेताजी निरीक्षक म्हणून होते आणि जपानच्या छत्राखालच्या फिलिपिन्सचे अध्यक्ष होसे लाउरेल हेही होते. लाउरेल यांनी पुढे दबावाखाली अमेरिकेशी युद्धस्थिती जाहीर केली, पण आपली तरुण मुलं जपानसाठी लढायला दिली नाहीत. उलट आर्तेमिओ रिकार्ते नावाचे जुने क्रांतिकारक सेनानी होते. त्यांनी अमेरिकेशी निष्ठेची शपथ कधीच घेतली नाही. हद्दपारी सोसली, तुरुंग सोसला, जपानमध्ये योकोहामात दिवस काढले आणि पंचाहत्तरी गाठल्यावर जपानी फौजेबरोबर मायदेशी परतले. १९४५ च्या जुलैमध्ये लुझॉनच्या डोंगरात, पराभूत जपान्यांच्या सोबत, हगवणीनं ते गेले. त्यांना नुसतं देशद्रोही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. १८९९ ची जखम त्यांच्या अंगात जिवंत होती, इतकंच. पण ज्यांच्या संगतीत ते परतले, त्यांच्याच राज्यात त्यांच्या देशबांधवांच्या मुलीबाळी सैनिकांच्या छावण्यांत कोंडल्या जात होत्या.

दावाओत हे सगळं मला जवळून कळलं. युद्धाआधी, अमेरिकेच्या राज्यातच, तिथे सुमारे १८ हजार जपानी राहत होते. अबाका, ज्याचे बोटींचे दोर वळतात, त्याच्या मळ्यांवर ते आले, काहींनी बागोबो आदिवासी बायकांशी लग्नं केली. मुलगी राहायची त्या घरच्या शेजारच्या लोला, म्हणजे आजी, अशाच एका घरातल्या. युद्ध संपल्यावर त्यांच्या आईनं वडिलांचे फोटो आणि कागद जाळले, आडनाव बदललं आणि मुलांना घेऊन वरच्या डोंगरात गेली. वडिलांनी शिकवलेलं एक जपानी बडबडगीत लोलांना आठवत होतं. ते त्यांनी मला दार लावून घेऊन म्हणून दाखवलं, सत्तर वर्षांनंतरही.

मनिलाचं शेवटचं प्रकरण लिहिताना हात जड होतो. फेब्रुवारी १९४५ मधल्या एका महिन्यात त्या शहरात सुमारे एक लाख सामान्य माणसं मेली. जपानी सैनिकांनी घराघरांत, चर्चमध्ये, शाळा-कॉलेजांत कत्तली केल्या, आणि अमेरिकी तोफांनीही जुनं शहर भुईसपाट केलं. इंत्रामुरोसमध्ये, म्हणजे त्याच जुन्या शहरात, या मृतांचं स्मारक आहे: डोक्यावरून पदर घेतल्यासारखं वस्त्र ओढलेली बाई, मांडीवर मेलेलं मूल. या महिन्यानं आधीचं सारं झाकून टाकलं. त्यानंतर कुणी बातांगास आणि सामारची आठवण काढणार? अमेरिका परत आली ती सोडवणारी म्हणून. पण तिच्या झेंड्याखाली लढलेल्या फिलिपिनो सैनिकांना बरोबरीच्या सवलती देण्याचं वचन तिनं १९४६ मध्ये कायदा करून मोडलं आणि एकरकमी भरपाई दिली ती २००९ मध्ये, बहुतेक जण गेल्यावर.

तर बरं कोण, याला माझं उत्तर असं. रोजच्या जगण्यात जपानचं राज्य जास्त क्रूर होतं, यात मला शंका नाही. पण अमेरिकेची सुरुवात त्याहून फारशी वेगळी नव्हती. तिला पुढे चाळीस वर्षं मिळाली. त्या वर्षांत लोकांनी तिच्याशी वाद घालून काहीतरी पदरात पाडून घेतलं, आणि तिनं आपल्या सुरुवातीची गोष्ट स्वतःच्या शब्दांत शिकवली. जपानजवळ ना तेवढा वेळ होता, ना ऐकून घ्यायची तयारी.

मी तिसऱ्यांदा गेले ती जानेवारी २०१९ मध्ये. महिन्यापूर्वीच अमेरिकेनं बालांगिगाच्या चर्चच्या तीन घंटा परत केल्या होत्या, १९०१ च्या सूडमोहिमेत लुटीसारख्या नेलेल्या. टीव्हीवर अजून त्याचीच चर्चा होती. मनिलात रोहास बुलेव्हार्डवर मला एक पुतळा पाहायचा होता. जपानी छावण्यांतल्या त्या स्त्रियांच्या स्मरणार्थ डिसेंबर २०१७ मध्ये उभारलेला, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या बाईचा. जपानी सरकारनं नाराजी कळवली होती, आणि एप्रिल २०१८ मधल्या एका रात्री, गटाराच्या कामाचं कारण देऊन, तो तिथून काढला होता. हे मला टॅक्सीवाल्यानं सांगितलं, आणि जिथे पुतळा होता तिथे त्यानं मुद्दाम गाडी थांबवली.